टेपचं दुसरं टोक

ते मोबाइल आधी उपडे ठेवा. आणि दार लोटून घे गं, कडी नको लावूस. बंद खोलीत मला बोलवत नाही. हं. बसा आता नीट.

"मामा, पण खरं घडलेलं सांगा हं. बनवलेलं नको."

बनवलेलं हवं असेल तर तुझ्या बापाकडे जा, बाई. लग्न ठरताना त्याने माझ्या बहिणीला इतकं काही सांगितलं होतं, की ती अजून त्यातली गाडी शोधतेय. मी सांगतोय ते माझ्या मित्राच्या बाबतीत घडलं. आणि त्याने ते मला त्याच रात्री सांगितलं, कपड्यांवरची माती झटकायच्याही आधी.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. कालव्यावरच्या पंपाला माझी रात्रपाळी होती. साडेदहाला दारात हा उभा. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो. जमिनी मोजायचं काम, अंगाने उंच आणि वाळका, आणि बोलणंही तसंच सरळ रेषेत. ‘अंदाजे’ हा शब्द त्याच्या तोंडात कधी आला नाही. किती वाजले विचारलं तर म्हणणार, दहा वाजून सव्वीस मिनिटं. 

"टॉर्च दे," म्हणाला. "माझे सेल संपलेत."

"एवढ्या रात्री कुठे निघालास?"

"एक माप राहिलंय. खापरीतलं."

खापरी म्हटल्यावर मी त्याला आत ओढलं. का ते सांगतो, पण त्यासाठी आमचा हा भाग तुम्हाला कळायला हवा. तुम्ही तो नुसता गाडीच्या काचेतून बघता आणि म्हणता, काय हिरवंगार आहे!

वर टेकडी, खाली ओढा, मधे मक्याची शेतं आणि तीन वस्त्या. संपला आमचा भूगोल. पण सत्तर वर्षांपूर्वी इथे मका नव्हता, वीटभट्ट्या होत्या. ओढ्याकाठची चिकणमाती खणायची, विटा पाडायच्या, भाजायच्या आणि शहराला पाठवायच्या. तुमच्याकडच्या जुन्या शाळा, दवाखाने सगळे आमच्या मातीचे, उगाच नाक वर करू नका. चिखल करायला पाणी हवं, म्हणून भट्टीवाल्यांनी अकरा विहिरी पाडल्या. पुढे माती संपली, भट्ट्या विझल्या. लोकांनी खड्डे बुजवले आणि शेती धरली. आमच्या शेतांची नावं त्यातूनच आली. जिथे विटांचे तुकडे निघतात ती खापरी. जिथे काही उगवत नाही ती उपाशी पट्टी. एका बाईने रागारागात सुनेला दिला तो सासूचा तुकडा, त्यात अजून नांगर सरळ चालत नाही. 

विहिरींचं काय झालं? काही चालू राहिल्या, काही आटल्या. आटलेल्यांवर कुणी फळ्या टाकल्या, वर माती लोटली. ज्यांनी लोटली ती माणसं गेली. जिवंत होती तोवर त्यांना कुणी विचारलं नाही. म्हातारं माणूस बोलायला लागलं की झोप येते ना, तसंच. आत्ता कुणी जांभई दिली ते मला दिसलंय.

आता वहिनी. फूटपट्टीच्या टेपचं दुसरं टोक त्याची बायको धरायची. ऑफिसने मदतनीस बंद केला, तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय एवढं? मी येते." आणि पंचवीस वर्षं आली. टेप तीस मीटरची. वहिनी म्हणायची, "आमचा संसार टिकला, कारण तीस मीटरवरून नवरा बरा दिसतो!" 

शेतात वारा असतो, हाक पोचत नाही. म्हणून दोघांचं बोलणं टेपवरून चालायचं. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे ताणून धरलंय, आकडा वाच. तीन म्हणजे मागे जा. आणि चार... चार बारीक झटके कुठल्या मोजणीदाराच्या पुस्तकात सापडणार नाहीत. ते वहिनीचे. चार झटके म्हणजे, अहो, भूक लागली, घरी चला.

टेपच्या टोकाला लोखंडी कडी असते. ती बोटाला कापते. म्हणून वहिनी कडीला चिंधी गुंडाळायची, डोक्याला बांधायच्या हिरव्या चौकड्यांच्या रुमालाची कड फाडून. वहिनी डावरी. तिची गाठ उलटी बसायची. आपण सोडवायला गेलो की जास्तच आवळायची. फूटपट्टी वैतागायचा, "अगं, ही काय गाठ मारायची रीत आहे?" ती हसत म्हणायची, "लग्न करताना विचारायचं होतं."

या सगळ्याच्या आदल्या वर्षी, मार्चमध्ये, संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोघं खापरी मोजत होते. शेत पडीक, वेली गुडघाभर. तो हद्दीच्या दगडापाशी, ती टेप घेऊन समोर. टेप धरणारा मागे मागे चालतो. डोळे दगडाकडे, पाठ रानाकडे. थोडं अंतर कमी पडत होतं. त्याने तीन झटके दिले. 

मागे जा.

ती गेली. नकाशात तिथे काही नव्हतं. पंचवीस वर्षांत तिने कधी मागे वळून बघितलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. फळ्या कुजलेल्या होत्या. टेपची चकरी त्याच्या हातातून गेली ती तळहात फाडूनच.

बाहेर काढायला मीही होतो. त्याबद्दल मला विचारू नका.

आणि लोक काय म्हणाले माहितीय? "बाईने मागे बघायला नको?" नकाशात विहीर नाही, म्हणजे जमीनमालकाचा दोष नाही, ऑफिसचा नाही, नवऱ्याचा नाही. उरली कोण? मेलेली. त्यांची एकुलती एक लेक, शहरात नर्स आहे, तीसुद्धा रडता रडता म्हणाली, "आई होतीच धांदरट." वहिनी आणि धांदरट! जिने पंचवीस वर्षांत एक माप चुकू दिलं नाही! मी फूटपट्टीकडे बघितलं. म्हटलं, हा तरी बोलेल. पण तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. आठवड्याभरात मालकाने विहीर जुन्या भट्टीच्या विटांचा चुरा टाकून बुजवली, यंत्र फिरवून अख्खी खापरी सपाट केली, मका लावला. वहिनीबरोबर गेलेली टेप तिथेच खाली राहिली.

आता कळलं, खापरी म्हटल्यावर मी त्याला आत का ओढलं ते?

त्याला मी स्टुलावर बसवलं. "खापरीत आता कसलं माप?" म्हटलं.

त्याने नवी टेप माझ्या टेबलावर ठेवली. मग बोलला.

"उद्या सकाळी दहाला या भागाचा नवा नकाशा द्यायचाय. सोबत दोन पानं इतिहास. भट्ट्या किती, विहिरी किती. जुन्या टिपणात अकरा विहिरी आहेत. माझ्या नकाशात दहा."

"मग अकरावी?"

"अकरावी ती."

बावीस वर्षांपूर्वी जुना नकाशा फाटायला आला म्हणून त्यानेच त्याची स्वच्छ नक्कल केली होती. नंतर सगळं काम त्या नकलेवर चाललं. जुना कागद घड्यांवर विरला होता, जागोजाग भोकं. आणि अकराव्या विहिरीचं गोल चिन्ह नेमकं घडीवर पडलेलं. शाई उडालेली, कागद गेलेला.

"मला ते भोक वाटलं रे," तो म्हणाला. "नक्कल करताना कागदाची भोकं कोण काढतं? ती गेली त्या रात्री मी जुना नकाशा दिव्यासमोर धरला. भोकाच्या कडेला शाई होती. अर्धी रेघ. बारीक. पण होती."

वीस महिने त्याला माहीत होतं. वीस महिने लोक तिला बेसावध म्हणत होते आणि तो ऐकून घेत होता.

"झाकली मूठ, म्हटलं मी. नोकरीभर माझा एक आकडा चुकला नाही म्हणून लोक मान देतात, ते जाईल म्हटलं. लेक तोंड बघणार नाही म्हटलं. पण उद्याच्या नकाशावरही विहीर नसेल, तर ती कायमची बेसावध ठरेल. कागदावर नाही ते झालंच नाही, आमच्या धंद्यात असंच असतं."

"मग काढ ना एक गोल. त्या बाजूला कुठेतरी."

त्याने असं बघितलं माझ्याकडे, की मी जीभच चावली. अंदाजे? तो? आणि तिच्या विहिरीचं?

"दिवसा गेलो तर चारजण विचारतील," तो उठला. "आणि मला अजून त्यांना सांगता येत नाही. उद्या सांगेन. आज फक्त माप."

मी येतो म्हटलं, तर म्हणाला, "पंप कोण बघेल?" टॉर्च घेतली, नवी टेप खांद्याला लावली आणि गेला. अकराला दहा मिनिटं कमी होती.

पुढचं मी बघितलेलं नाही. त्याने सांगितलं तसं सांगतो.

चंद्र नव्हता. मका कापून झालेला, नुसती खुंटं उभी. जमीन अशी सपाट, की खाली काही असेल असं कुणाला वाटणार नाही. तासभर तो टॉर्च घेऊन फिरला. एखादी दबलेली जागा, विटांचा ढीग, काहीतरी. काही नाही. शेवटी एका जागी खुंटी ठोकली, टेपची कडी तिला अडकवली आणि चकरी सोडत हद्दीच्या दगडापाशी आला. टेप ताणली. चोवीस मीटर दहा. वही काढली.

आणि लिहिता येईना. कारण ते माप त्या खुंटीचं होतं, विहिरीचं नव्हतं. 

तो दगडावर बसला. हातात चकरी. पन्नाशी उलटलेला माणूस, अंधारात रडायला लागला. मोठ्याने म्हणाला,

"अगं, नेमकं कुठे गं?"

वारा पडला होता. लांबून माझ्या पंपाचा आवाज येत होता, म्हणाला.

आणि टेपला झटका बसला.

एक.

थांब.

तो थांबला. वाटलं, कोल्हा असेल. खुंटी निघाली असेल. टॉर्च मारली. उजेड पंधरा मीटर जातो. पिवळी टेप उजेडातून सरळ पुढे गेलेली. पुढे अंधार.

टेप सैल पडली.

मग ती... सरकायला लागली. डावीकडे. हळूहळू. त्याच्या हातातल्या चकरीला धरून, जमिनीपासून कमरेएवढी उंच. जसं कुणी ती हातात धरून चाललंय.

आणि खुंटांत पावलं वाजली.

मागे चालणाऱ्या माणसाचं पाऊल वेगळं वाजतं, पोरांनो. आधी चवडा पडतो. मग टाच. पंचवीस वर्षं तो तेच ऐकत आला होता.

चवडा... टाच.

चवडा... टाच.

थांबली.

टेप ताणली गेली. 

दोन झटके.

त्याने आकडा वाचला. एकोणीस मीटर चाळीस. लिहिला.

पण एका मापाने जागा ठरत नसते. एका दगडापासूनचं अंतर कळलं, तर विहीर त्या दगडाभोवती कुठेही असू शकते. दुसऱ्या दगडापासून माप घ्यायचं, तेव्हा ती एका जागी उभी राहते. हे त्याला ठाऊक होतं. तिलाही.

तो चकरी घेऊन बांधाने चालत दुसऱ्या दगडाकडे निघाला. टेपचं दुसरं टोक जागचं हललं नाही. तो चालत होता आणि टेप त्याच्याबरोबर वळत होती. नेहमीसारखी.

दुसऱ्या दगडापाशी पोचला.

दोन झटके.

सव्वीस मीटर पंधरा. लिहिलं.

काम संपलं होतं. टेप गुंडाळायची आणि निघायचं. त्याला गुंडाळवेना. गुंडाळली की...

"अगं," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नव्हतं."

काही नाही.

"मी भोक समजलो. मीच विहीर सोडली. आणि मीच तीन झटके दिले."

टेप ताठ. कुणीतरी धरून उभं.

"लोक तुला बोलले. मी ऐकून घेतलं... लेकीसमोरसुद्धा..."

त्याने टेप दोन्ही हातांनी धरली.

...

...

किती वेळ गेला, ते त्याला सांगता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग टेप हलली. बारीक. अगदी बारीक.

एक, दोन, तीन... चार.

अहो, घरी चला.

तो सांगताना इथे थांबला होता. मीही थांबतो जरा. पाणी दे गं.

त्याने काय केलं असेल? तुम्ही कराल तेच. त्यानेही चार झटके दिले. तू पण चल. वाट बघत उभा राहिला. पुन्हा चार दिले. पुन्हा चार. हाका मारल्या. 

टेप सैल पडली. जमिनीवर आली.

मग त्याने ती गुंडाळली. दुसऱ्या टोकाला कुणी नसलं की टेप हलकी येते, म्हणाला. हाताला लगेच कळतं.

एक वाजून पाच मिनिटांनी तो परत आला. गुडघ्यापर्यंत माती. टेप टेबलावर ठेवली, वही उघडली आणि मला दोन आकडे दाखवले. मग बोलला हे सगळं. मी चहा केला, तो तसाच गार झाला. सकाळी मी त्याच्याबरोबर ऑफिसात गेलो. 

दहा वाजता, सगळ्यांसमोर, त्याने जुना नकाशा खिडकीला लावला आणि भोकावर बोट ठेवलं. "ही विहीर आहे. ही मी गाळली. माझी बायको बेसावध नव्हती, ती माझ्या नकाशावर चालत होती." खापरीचा मालक तिथेच होता, त्याने मान खाली घातली. मग दोन्ही दगडांपासून ती मापं धरून खणलं. दीड हात खाली विटांचा गोल लागला. इंच इकडे नाही, इंच तिकडे नाही. मालक म्हणाला, "मी स्वतः बुजवली, पण मलाही इतकी नेमकी दाखवता आली नसती." 

नव्या नकाशावर आता अकरा गोल आहेत. अकराव्याला लोक वहिनीची विहीर म्हणतात.

लेक आली. त्याने तिलाही सांगितलं. मला वाटलं होतं, ती बापाला बोल लावेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "मी आईला धांदरट म्हटलं, बाबा." दोघं लहान पोरांसारखी रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. 

फूटपट्टीने त्यानंतर कधी जमीन मोजली नाही. लेकीकडे राहायला गेला. कधीमधी फोन करतो, आणि फोन ठेवताना दर वेळी तेच विचारतो, "मी चार झटके दिले होते रे. ती का आली नसेल?" मी काय सांगू त्याला? मी म्हणतो, जेवलास का?

जाताना टेप मला देऊन गेला. ती बघ, तुझ्या मागे खुंटीला टांगलीय. घाबरतोस काय, काढ. ही ती नवी टेप. दुकानातून घेतली तेव्हा मी बरोबर होतो. कडी कोरी होती, चकाकत होती. त्या रात्री साडेदहालाही कोरीच होती. माझ्याच टेबलाजवळ त्याने ती खांद्याला लावली.

आता कडी बघ.

हो, चिंधीच आहे ती. हिरवी. चौकड्यांची. तो रुमाल वहिनीच्या डोक्याला होता. माझ्या बायकोने शेवटचा नीट बांधला आणि तो वहिनीबरोबरच चितेवर गेला, आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

अरे, नको. गाठ सोडवायला जाऊ नकोस.

आवळते ती.